पाचवा माणूस कुठे लपवायचा? : एनबीए प्लेऑफबद्दल वाचकांचे प्रश्न

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा ८२ सामन्यांचा मोसम आटोपून प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीच्या मालिका, लागल्या की प्रश्नांचा सूर पालटतो. ‘कोण जिंकेल’ हे विचारणारी पत्रं कमी होतात, ‘असं का झालं’ विचारणारी वाढतात. या अंकासाठी त्यातलीच निवडली आहेत. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : प्लेऑफआधीच्या पात्रता सामन्यांत, म्हणजे प्ले-इनमध्ये, सातव्या संघाला दोन संधी आणि नवव्याला एकच, हे नेमकं कसं? आणि मोसमभर दहाव्या क्रमांकावर राहिलेल्या संघाला संधी द्यायचीच कशाला?

पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही विभागांत १५-१५ संघ आहेत. त्यातले पहिले सहा थेट प्लेऑफमध्ये जातात. सातवा आणि आठवा एकमेकांशी खेळतात आणि जिंकेल त्याला सातवं मानांकन मिळतं. नववा आणि दहावा खेळतात, त्यात हरेल तो घरी जातो. मग पहिल्या सामन्यात हरलेला संघ दुसऱ्यातल्या विजेत्याला आपल्या कोर्टवर बोलावतो आणि आठवी जागा तिथे ठरते. म्हणजे वरच्या जोडीला दोनपैकी एक सामना पुरतो, खालच्या जोडीला दोनपैकी दोन लागतात. प्रत्येक सामना अगदी बरोबरीचा धरला तर वरच्यांची शक्यता ७५ टक्के, खालच्यांची २५.

दहाव्याला कशाला, तर पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडताना वरचा क्रमांक मिळावा यासाठी मोसमाच्या शेवटच्या महिन्यात मुद्दाम हरत बसणाऱ्या संघांना खेळायला कारण मिळावं म्हणून. ते कितपत साधलं यावर वाद घालता येईल. पण ही पायरी नुसती शोभेची नाही. २०२३ मध्ये मायामी सातवा होता. आपल्याच कोर्टवर तो अटलांटाकडून हरला, मग शिकागोला हरवून आठवा म्हणून आत शिरला, सातपैकी चार सामने जिंकेल तो पुढे, अशा मालिकेत पहिल्या मानांकनाच्या मिलवॉकीला ४-१ नं घरी पाठवलं आणि थेट अंतिम मालिकेत पोचला. आठव्या मानांकनावरून तिथवर जाणारा तो दुसराच संघ, पहिला १९९९ चा न्यूयॉर्क. एक बारीक गोष्ट : प्ले-इनमधले गुण आणि रीबाउंड (चुकलेल्या शॉटचा पकडलेला चेंडू) ना मोसमाच्या आकडेवारीत धरतात, ना प्लेऑफच्या.

प्रश्न : मोसमात सामन्याला तीस गुण करणारा खेळाडू प्लेऑफमध्ये वीसवर येतो. ‘दडपण’ या उत्तरानं आमचं समाधान होत नाही.

आमचंही होत नाही. दडपण असतं, पण ते दोन्ही संघांवर असतं. खरं कारण असं की मोसमात तो रोज नव्या संघाशी खेळतो, आणि समोरच्या प्रशिक्षकाकडे तयारीला एखादा दिवस असतो, कधी तोही नसतो. प्लेऑफमध्ये तोच संघ त्याला दोन आठवड्यांत सात वेळा भेटू शकतो. त्याला उजवीकडून घुसायला आवडतं की डावीकडून, स्क्रीन (बचावपटूची वाट अडवून उभा राहणारा साथीदार) आल्यावर तो दुसऱ्या टप्प्याला थांबतो की तिसऱ्या, हे सगळं कापून, जुळवून समोरच्यांनी पाहिलेलं असतं.

पिक-अँड-रोल घ्या. चेंडू असलेल्या खेळाडूसाठी सेंटर, म्हणजे संघातला उंच, रिंगजवळ खेळणारा माणूस, येऊन स्क्रीन लावतो. बचावाला तीन मुख्य उत्तरं देता येतात. पहिलं ‘ड्रॉप’ : बचावाचा सेंटर मागे, रिंगजवळ थांबतो. ले-अप (रिंगजवळ जाऊन टाकलेला सोपा शॉट) बंद होतो, पण स्क्रीनच्या मागून शांतपणे शॉट मारायला जागा मिळते. दुसरं ‘स्विच’ : दोन्ही बचावपटू आपापली माणसं बदलतात. मोकळा शॉट मिळत नाही, पण चेंडू हाताळणाऱ्या चपळ गार्डसमोर जड सेंटर उरतो. तिसरं ‘ट्रॅप’ : दोघंही चेंडूवर तुटून पडतात. स्टारच्या हातून चेंडू जातो, पण मागे चार आक्रमकांसमोर तीन बचावपटू राहतात. फुकट असं कुठलंच नाही. मोसमात संघ आपल्या सवयीचं एकच उत्तर बहुतेक वेळ वापरतो. प्लेऑफमध्ये तो स्टारच्या तीस गुणांमागे नेमकं काय आहे ते पाहतो आणि तेवढंच काढून घेतो.

यातून सगळा भार जातो तो पाचव्या माणसावर, म्हणजे पाचांतल्या सगळ्यात कच्च्या खेळाडूवर. स्टारकडून चेंडू काढला की तो कुणाच्या तरी हातात जाणार. तो कुणाच्या हातात जावा, हे बचाव ठरवतो. २०१५ मध्ये गोल्डन स्टेट मेम्फिसविरुद्ध १-२ नं मागे होता. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सेंटर अँड्र्यू बोगटला टोनी अॅलन या गार्डवर लावलं. कागदावर ही जोडी हास्यास्पद होती. पण अॅलनचा बाहेरून शॉट कच्चा, त्यामुळे बोगट त्याला मोकळा सोडून रिंगखाली ठाण मांडून बसला आणि मेम्फिसच्या दोन्ही उंच खेळाडूंची जागाच गेली. अॅलन हा लीगमधल्या उत्तम बचावपटूंपैकी एक. त्याला ठेवलं तर आक्रमण चार जणांचं, काढलं तर बचाव उघडा. गोल्डन स्टेटनं सलग तीन सामने जिंकून मालिका संपवली.

त्याच वर्षी अंतिम मालिकेत क्लीव्हलँडविरुद्ध पुन्हा १-२ झाले. या वेळी कर यांनी बोगटलाच बसवलं आणि आंद्रे इगुडालाला सुरुवातीच्या पाचांत घेतलं. उंची गेली, वेग आला, पुन्हा सलग तीन विजय मिळाले. इगुडाला त्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एका मालिकेत हुकमाचा एक्का ठरलेला माणूस पुढच्याच महिन्यात ओझं ठरू शकतो.

उलट बाजूनं हाच खेळ ‘शिकार’ म्हणून चालतो. समोरच्या पाचांत सगळ्यात कच्चा बचावपटू शोधायचा, तो ज्याला राखतोय त्या खेळाडूलाच स्क्रीन लावायला बोलवायचं, म्हणजे स्विच झाला की स्टारसमोर तो कच्चा माणूस येतो. याला बचावाचं उत्तर असं की त्या माणसानं पुढे येऊन क्षणभर वाट अडवायची आणि मूळ बचावपटू सावरला की मागे पळायचं. हे एकदा जमतं, पाचदा जमतं. चौथ्या क्वार्टरमध्ये, पाय जड झाल्यावर, अर्ध्या सेकंदाचा उशीर होतो आणि तिथेच गुण जातात.

प्रश्न : बेंचवर इतके खेळाडू असताना प्रशिक्षक आठच जण का वापरतात? थकवा येत नाही का?

येतो. पण हिशेब पाहा. ४८ मिनिटं गुणिले पाच जागा म्हणजे वाटायला २४० मिनिटं. मोसमात सुरुवातीचे पाच जण सरासरी ३३ मिनिटं खेळले तर १६५ गेली, उरलेली ७५ चार-पाच जणांत वाटता येतात. प्लेऑफमध्ये तेच पाच ३८-३८ खेळले की १९० गेली आणि उरली पन्नास. ती तिघांत संपतात. सामन्यांमध्ये सहसा किमान एक दिवसाची सुटी असते, म्हणून हे परवडतं. शिवाय वर सांगितलेली शिकार आहेच. नववा माणूस आत आला की समोरच्यांना सावज मिळालं.

बिघडतं कुठे? पहिल्या क्वार्टरमध्ये एखाद्या प्रमुख खेळाडूचे दोन फाऊल झाले की. सहाव्या फाऊलला तो बाहेर जाणार, म्हणून प्रशिक्षक त्याला घाबरून बसवून ठेवतात आणि आठांचं गणित सातांवर येतं. आमच्या मते हे बऱ्याचदा जास्तच केलं जातं. पुढे बाहेर जाईल या भीतीनं त्याला आत्ताच बाहेर ठेवायचं, म्हणजे शिक्षा स्वतःच आधी भोगायची. २०२५ मध्ये इंडियानानं उलटी वाट धरली. दहा जण फिरवत, पूर्ण कोर्टभर दाब ठेवत तो संघ अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला. अर्थात त्यासाठी दहावाही धड असावा लागतो.

प्रश्न : तीन गुणांची आघाडी आहे, काही सेकंद उरलेत. मुद्दाम फाऊल करून दोन फ्री थ्रो (फाऊलच्या बदल्यात मिळणारे, एकेक गुणाचे मोकळे शॉट) द्यावेत की बचाव करावा? दोन मित्रांची पैज लागली आहे.

घड्याळात किती सेकंद आहेत यावर पैज ठरेल. सहाच्या आत असतील तर फाऊल करावा, त्याआधी करू नये, असं आमचं मत. दहा-बारा सेकंद असताना फाऊल केला तर समोरचा दोन्ही फ्री थ्रो आत टाकतो, आघाडी एकाची होते, मग ते तुमच्यावर फाऊल करतात आणि आता तुमच्या माणसाला दोन्ही टाकावे लागतात. ही फेरी दोनदा-तीनदा होऊ शकते आणि प्रत्येक फेरीत चुकायची वेळ तुमच्यावर येते. चार सेकंद उरले असतील तर समोरच्याला पहिला टाकून, दुसरा मुद्दाम चुकवून, रीबाउंड घेऊन पुन्हा शॉट मारावा लागतो. तीन कठीण कामं ओळीनं.

पण फाऊल नीट करणं हीही एक कला आहे. आधी फलकावर संघाचे फाऊल पाहायचे. क्वार्टरमधला पाचवा फाऊल, किंवा शेवटच्या दोन मिनिटांतला दुसरा, इथून फ्री थ्रो लागतात. त्याआधीचा एखादा शिल्लक असेल तर दुधात साखर : फाऊल करा, घड्याळ खाली जातं आणि त्यांना फक्त बाजूनं चेंडू आत टाकायला मिळतो. दुसरं, चेंडू आत येण्यापूर्वी कुणाला धरलं तर एक फ्री थ्रो जातो आणि वर चेंडूही त्यांच्याकडेच राहतो. म्हणून चेंडू हातात पडेपर्यंत थांबायचं. तिसरं, ज्याची पाठ रिंगकडे आहे त्यालाच धरायचं. त्यानं चेंडू उचलून शॉटची हालचाल सुरू केली असेल तर पंच तीन फ्री थ्रो देतील, आणि चतुर खेळाडू धक्का येताना दिसला की मुद्दाम हात वर नेतो. चौथं, फ्री थ्रोच्या वेळी रांगेत बचावाचे तीन आणि आक्रमणाचे दोन असतात, आणि रिंगच्या सर्वांत जवळच्या दोन्ही जागा बचावाच्या. तिथे तुमची सगळ्यात उंच माणसं हवीत, आणि फ्री थ्रो मारणाऱ्यालाही कुणीतरी अडवायला हवं. हे नेहमी विसरलं जातं.

या प्रश्नासोबत बहुतेक पत्रांत २०१३ च्या अंतिम मालिकेचा सहावा सामना आहे. मायामीविरुद्ध सॅन अँटोनियो मालिकेत ३-२ नं पुढे, या सामन्यात ९५-९२ नं पुढे. त्यांचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी उंच टिम डंकनला बसवलं होतं, कारण प्रत्येक स्क्रीनवर स्विच करून थ्री (तीन गुणांचे लांबचे शॉट) रोखायला चपळ माणसं हवी होती. मायामीच्या लेब्रॉन जेम्सचा थ्री चुकला, ख्रिस बॉशनं रीबाउंड घेतला, रे अॅलन मागे सरकत कोपऱ्यात गेला आणि ५.२ सेकंद राहिले असताना त्यानं बरोबरी केली. मायामीनं तो सामना जादा वेळेत आणि पुढे सातवाही जिंकला. ‘फाऊल का केला नाही’ असं सगळे विचारतात. पण चढाई सुरू झाली तेव्हा घड्याळात १९ सेकंद होते. आमच्या हिशेबानं ते फार लवकर झालं असतं. बचावानं पहिला शॉट चुकवलाही. हरवलं ते रीबाउंडनं, आणि रीबाउंड घेणारा माणूस बेंचवर होता.

प्रश्न : ०-३ नंतर कुणी मालिका जिंकली आहे का?

२०२५ च्या मोसमापर्यंत तरी नाही. दीडशेहून अधिक संघ त्या खड्ड्यात पडले. त्यातल्या चौघांनी सातव्या सामन्यापर्यंत मजल मारली : १९५१ मध्ये न्यूयॉर्क, १९९४ मध्ये डेन्व्हर, २००३ मध्ये पोर्टलंड आणि २०२३ मध्ये बॉस्टन. चौघंही तिथे हरले. बॉस्टननं तर सहावा सामना ०.१ सेकंद राहिलं असताना डेरिक व्हाइटच्या पुटबॅकवर, म्हणजे चुकलेला चेंडू लगेच पुन्हा आत टाकून, जिंकला होता.

प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा असता तर सलग चार जिंकण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे दीडशेत नऊ-दहांना तरी जमायला हवं होतं. एकालाही जमलं नाही, यावरून ०-३ नं मागे असलेला संघ बहुधा मुळातच कमकुवत असतो हे कळतं. त्याची शक्यता सामन्याला ३५ टक्के धरली तर सलग चार विजयांची शक्यता दीड टक्क्यावर येते. १-३ ची गोष्ट वेगळी. तिथून अनेकदा परत फिरलेत. २०२० मध्ये डेन्व्हरनं ओळीनं दोन मालिकांत ते केलं.

प्रश्न : २०१८ मध्ये ह्यूस्टननं सातव्या सामन्यात सलग २७ थ्री चुकवले. शहाण्या माणसानं दहाव्या चुकीनंतर थांबायला नको होतं का?

सामना घरचा, मध्यंतराला ११ गुणांची आघाडी, समोर गोल्डन स्टेट. शेवटी ४४ पैकी ७ थ्री आणि ९२-१०१ असा पराभव. पत्राचा सूर असा की हा हट्टीपणा होता. आम्ही निम्मे सहमत आहोत.

समजा संघाचे ३६ टक्के थ्री आत जातात. मग सलग २७ चुकण्याची शक्यता दीड-दोन लाखांत एक इतकी निघते. एवढी दुर्मीळ गोष्ट घडली की गृहीतक तपासावं लागतं, नशिबाला बोल लावून भागत नाही. ३६ टक्के ही ताज्या पायांची, मोसमातली टक्केवारी. ख्रिस पॉल पाचव्या सामन्यात मांडीचा स्नायू दुखावून बाहेर गेला होता, चेंडू हाताळण्याचं ओझं जेम्स हार्डनवर एकवटलं होतं आणि खेळवल्या जाणाऱ्या खेळाडूंचं आधीच छोटं असलेलं वर्तुळ आणखी छोटं झालं होतं. दमलेला माणूस शॉट मारतो तेव्हा हाताआधी पाय दगा देतात : उडी इंचभर कमी पडते आणि चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. असा चेंडू सारखा पुढच्या कडेवर लागताना दिसला तर ते दुर्दैव नव्हे, थकवा. डावी-उजवीकडे फाटत असेल तर त्याला नशीब म्हणा.

म्हणून मोकळे थ्री मारणं चूक नव्हतं. चूक होती ती दुसरा दरवाजा उघडा न ठेवण्याची. असा दुष्काळ पडला की चार-पाच चढाया रिंगकडे घुसून फ्री थ्रो काढायचे असतात. गुण तर मिळतातच, घड्याळ थांबतं, पायांना श्वास मिळतो आणि समोरच्यांना पळत सुटायला लांबचा रीबाउंड मिळत नाही. चुकलेला थ्री लांब उडतो. गोल्डन स्टेटसारख्या संघासमोर तो म्हणजे अर्धा पास.

प्रश्न : पायाचं टोक रेषेवर असेल तर थ्री की टू?

टू. उडी मारण्यापूर्वी पाय शेवटचा जमिनीला कुठे लागला हे पाहतात, आणि रेषा आतल्या भागात मोजतात. खाली उतरताना रेषेवर आला तर चालतं. २०२१ मध्ये मिलवॉकीविरुद्ध सातव्या सामन्याच्या अखेरीला ब्रुकलिनच्या केव्हिन ड्युरंटचा शॉट याच कारणानं दोनचा ठरला, सामना जिंकण्याऐवजी १०९-१०९ असा बरोबरीत राहिला आणि जादा वेळेत ब्रुकलिन हरला. २०२५ मध्ये न्यूयॉर्कविरुद्ध पहिल्या सामन्यात इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनला तोच अनुभव आला, फक्त जादा वेळेत त्याचा संघ जिंकला.

प्रश्न : आकड्यांच्या तक्त्यात गुण सोडून काय पाहावं?

दोन हिशेब कागदावर करता येतात. पहिला शॉटचा. प्रभावी टक्केवारी म्हणजे आत गेलेले शॉट अधिक आत गेलेल्या थ्रीच्या निम्मे, भागिले एकूण प्रयत्न. एकानं २० पैकी १० टू टाकले : ५० टक्के. दुसऱ्यानं २० पैकी ८ टाकले, त्यात ५ थ्री : ८ अधिक २.५ भागिले २०, म्हणजे ५२.५ टक्के. दोन शॉट कमी टाकूनही दुसरा सरस.

दुसरा हिशेब ताब्याचा. संघाचे शॉट, वजा आक्रमक रीबाउंड, अधिक गमावलेले चेंडू, अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४४. हे ०.४४ कारण प्रत्येक फ्री थ्रोनं चढाई संपत नाही. उदाहरणार्थ ८८ शॉट, १० आक्रमक रीबाउंड, १३ गमावलेले चेंडू, २२ फ्री थ्रो : सुमारे १०१ चढाया. त्यात १०८ गुण म्हणजे शंभर चढायांमागे १०७. आता दुसऱ्या एखाद्या सामन्यात ९२ चढायांत १०० गुण करणारा संघ पाहा : शंभरामागे जवळपास १०९. त्याचे गुण आठनं कमी दिसतील, पण आक्रमण त्याचंच चांगलं. प्लेऑफमध्ये खेळ संथ होतो, म्हणून ‘आक्रमण आटलं’ असं म्हणण्याआधी हा भागाकार करून पाहावा.

प्रश्न : गोल्डन स्टेटच्या ड्रेमंड ग्रीनला २०१६ मध्ये एका सामन्याची बंदी आली ती कोणत्या नियमानं?

फ्लॅग्रंट फाऊलचे, म्हणजे अनावश्यक किंवा अतिरेकी धक्क्याचे, दंडाचे गुण प्लेऑफभर साठत जातात. पहिल्या प्रकाराचा एक, दुसऱ्याचे दोन आणि शिवाय सामन्यातून बाहेर. चौथा गुण झाला की पुढचा सामना आपोआप बंद. ग्रीनवर आधीचे तीन होते. अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यातला एक प्रसंग लीगनं नंतर तपासून फ्लॅग्रंट ठरवला आणि पाचवा सामना गेला. गोल्डन स्टेट ३-१ नं पुढे होता, मालिका ३-४ नं हरला. गैरवर्तनाबद्दलच्या टेक्निकल फाऊलची मर्यादा वेगळी : प्लेऑफमध्ये सातव्याला एका सामन्याची बंदी.

प्रश्न : मालिकेतला दुसरा सामना पाहताना पहिल्या पाच मिनिटांत काय शोधावं?

चेंडूकडे पाहू नका, हे कठीण आहे, पण प्रयत्न करा. सुरुवातीचे पाच तेच आहेत का? कोण कुणाला राखतंय, त्यात पहिल्या सामन्यापेक्षा काही अदलाबदल आहे का? स्क्रीन आल्यावर बचावाचा सेंटर कुठे उभा राहतो : रिंगजवळ, फ्री थ्रो रेषेवर, की थेट चेंडूपाशी? कोपऱ्यातल्या कुठल्या खेळाडूचा बचावपटू आत, रिंगकडे सरकलेला आहे? त्यालाच त्यांनी मोकळं सोडायचं ठरवलंय. स्क्रीन लावायला वारंवार कुणाला बोलावतायत, आणि त्याला राखणारा कोण? मग पहिला टाइम-आऊट होईल. त्यानंतर जो परत कोर्टवर आला नाही त्याचं नाव लिहून ठेवा आणि तिसऱ्या सामन्यात तो किती मिनिटं खेळतो ते ताडून पाहा.